डेल्टा डीव्हीपी-ईएस२ पीएलसी आणि व्हीएफडी-ईएल ड्राइव्ह: दोन तारांवर ही जोडी कशी चालते

पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) एकाच कंपनीचे घेतले की दोन तारा जोडायच्या आणि काम सुरू, असा बऱ्याच जणांचा समज असतो. डेल्टाच्या डीव्हीपी-ईएस२ आणि व्हीएफडी-ईएल या जोडीत तो पहिल्याच दिवशी मोडतो. पीएलसीचा पोर्ट कारखान्यातून येतो तो ९६०० बॉड (सेकंदाला बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), १ स्टॉप बिट अशा ॲस्की सेटिंगवर, म्हणजे संदेश अक्षरांत पाठवायच्या पद्धतीवर. ड्राइव्ह येतो ९६०० बॉड, ७ डेटा बिट, पॅरिटी नाही, २ स्टॉप बिट अशा ॲस्की सेटिंगवर. स्पीड सारखा, पत्ता १, बिटांची एकूण संख्याही सारखीच, पण पॅरिटीच्या जागी ड्राइव्ह स्टॉप बिटाची वाट बघत असतो. ॲस्की संदेशाची सुरुवात ज्या विसर्गासारख्या चिन्हाने होते त्यात एकचे बिट चार आहेत, म्हणून इव्हन पॅरिटीचा बिट शून्य जातो. ड्राइव्हला तिथे एक हवा असतो. म्हणजे पहिलंच अक्षर बाद, पुढचा संदेश कितीही बरोबर असला तरी उत्तर येणार नाही.

एवढं सोडलं तर जोडी उत्तम आहे. कन्व्हेयर, मिक्सर, पॅकिंग मशीन, पंप, छोटं वाइंडिंग युनिट अशा ०.२ ते ३.७ किलोवॅटच्या कामाला कमी वायरिंगमध्ये वेग, करंट, फॉल्ट सगळं पीएलसीत येतं. ॲनालॉग कार्ड लागत नाही, रन आणि रिव्हर्ससाठी रिले लागत नाहीत. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला आहे तो तार तुटल्यावर ड्राइव्ह काय करतो त्यासाठी. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

आधी वायर. ईएस२ ला तीन पोर्ट आहेत. कॉम१ आरएस-२३२, तर कॉम२ आणि कॉम३ आरएस-४८५, म्हणजे पिळलेल्या दोन तारांवरचं सिरीअल. ड्राइव्ह कॉम२ वर घ्या आणि एचएमआय (ऑपरेटरचा टचस्क्रीन) कॉम१ किंवा कॉम३ वर ठेवा. एचएमआय स्वतः मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, असतो, आणि ड्राइव्हशी बोलताना पीएलसीही मास्टर असतो. एका तारेवर दोन मास्टर आले की कधी चालतं, कधी चालत नाही. अशा फॉल्टमागे लोक केबल बदलत बसतात. तीन पोर्ट असलेल्या पीएलसीत ही चूक व्हायचं कारणच नाही.

ड्राइव्हच्या बाजूला आरजे-४५ सॉकेट आहे. दिसायला लॅनसारखं, पण त्याचा इथरनेटशी काही संबंध नाही, त्यात स्विचची केबल खुपसू नका. पिन ४ म्हणजे एसजी मायनस, पिन ५ म्हणजे एसजी प्लस, पिन ३ म्हणजे ग्राउंड. लॉकची पट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडे धरली की डावीकडून पहिली ती पिन १. तयार पॅच केबल कापून वापरायची असेल तर आनंदाची गोष्ट अशी की ४ आणि ५ ही निळी जोडी असते, म्हणजे नेमकी एकमेकींत पिळलेली. निळी तार पीएलसीच्या डी मायनसला, पांढरी-निळी डी प्लसला. ५६८-बी पद्धतीने क्रिंप केलेल्या केबलमध्ये पिन ३ ला पांढरी-हिरवी येते, ती पीएलसीच्या सिग्नल ग्राउंडला. उरलेल्या तारा मागे कापून प्रत्येकीवर स्लीव्ह चढवा. पॅच केबलच्या बारीक तारा फेरूल (टोकाची धातूची टोपी) न लावता टर्मिनलमध्ये घातल्या तर स्क्रू त्यांना कापतो, आणि मशीनच्या कंपनाने सहा महिन्यांत एक तार सुटते.

ग्राउंडची तिसरी तार बहुतेक वायरमन सोडून देतात, कारण दोन तारांवरही चालतं. चालतं ते पॅनेल एकच असेपर्यंत. आरएस-४८५ चा रिसीव्हर दोन तारांमधला फरक बघतो हे खरं, पण दोन्ही तारा मिळून त्याच्या स्वतःच्या ग्राउंडपेक्षा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच असाव्या लागतात. पीएलसी एका पॅनेलमध्ये, ड्राइव्ह ४० मीटरवर दुसऱ्या पॅनेलमध्ये आणि अर्थिंग वेगवेगळं असेल तर मोटर धावू लागल्यावर ही मर्यादा ओलांडली जाते. आधी संदेश गळतात, मग एके दिवशी पोर्टची चिप जाते. तिसरी तार टाकाच. लांब अंतर असेल तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर घ्या.

पॅनेलच्या आतल्या तीन-चार मीटरला कोणतीही चांगली पिळलेली, शील्ड असलेली जोडी पुरते. पॅनेलबाहेर जाणार असेल तर १२० ओहमची आरएस-४८५ केबल घ्या. बेल्डन ९८४१ ही त्यातली एका जोडीची ओळखीची केबल. शील्ड एकाच टोकाला, पीएलसीच्या बाजूला, अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर दोन अर्थांमधला करंट शील्डमधून वाहतो. दोनपेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर एकातून दुसऱ्यात अशी साखळी करा, मध्यातून चार दिशांना फाटे फोडू नका. ईएल ला सॉकेट एकच आहे, त्यामुळे प्रत्येक ड्राइव्हजवळ रेलवर टर्मिनल बसवून तिथून एक वीतभर शेपूट ड्राइव्हपर्यंत न्यायचं. आढावा म्हणून सांगायचं तर ही या ड्राइव्हची खरी गैरसोय आहे. सहा ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये फक्त यासाठी अठरा टर्मिनल वाढतात.

टर्मिनेशनचा १२० ओहमचा रेझिस्टर साखळीच्या दोन्ही टोकांना, फक्त टोकांनाच. सगळं बंद करून डी प्लस आणि डी मायनसमध्ये मल्टिमीटर लावला की ६० ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. १२० दिसलं तर एक रेझिस्टर कमी आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. ४० दिसलं तर कोणीतरी तिसरा बसवला आहे. ९६०० बॉडला पाच मीटरच्या केबलवर हे रेझिस्टर नसले तरी काही बिघडत नाही. ते बसवल्याने जुना फॉल्ट बरा होईल अशी आशा अशा पॅनेलमध्ये धरू नका.

आता सेटिंग. ॲस्की सोडून द्या आणि दोन्हीकडे मॉडबस आरटीयू (मॉडबस या संदेश-पद्धतीचा थेट बाइट पाठवणारा प्रकार), ८ बिट, इव्हन, १ स्टॉप ठेवा. आरटीयूत तोच मजकूर जवळपास निम्म्या बाइटमध्ये जातो आणि चुका सीआरसीने, म्हणजे शेवटच्या दोन तपासणी बाइटांनी, पकडल्या जातात. ड्राइव्हवर:

०९.०० = १, हा पत्ता. प्रत्येक ड्राइव्हला वेगळा.
०९.०१ = १ म्हणजे ९६००, २ म्हणजे १९२००, ३ म्हणजे ३८४००.
०९.०४ = ४ म्हणजे ८, इव्हन, १, आरटीयू.
०२.०० = ३, फ्रिक्वेन्सी आरएस-४८५ वरून.
०२.०१ = ३, रन-स्टॉप आरएस-४८५ वरून आणि कीपॅडचं स्टॉप बटणही चालू. ४ टाकलं तर ते बटण मरतं. ऑपरेटर ड्राइव्हसमोर उभा असेल तर ३ च ठेवा.

बदल झाले की पॉवर काढून डिस्प्ले पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग परत द्या. टर्मिनलला हात लावायचा असेल तर डिस्प्ले विझणं पुरेसं नाही. चार्जचा दिवा बंद झालेला बघा, आतल्या कपॅसिटरला किमान १० मिनिटं द्या आणि मीटरने डीसी बस तपासा.

पीएलसीत पहिल्या स्कॅनला, म्हणजे एम१००२ वर, चार ओळी लागतात. (एम म्हणजे चालू-बंदचा बिट, डी म्हणजे आकडा ठेवायचं रजिस्टर, एच म्हणजे हेक्स आकडा.) डी११२० मध्ये एच८७ टाका, हे ९६००, ८, इव्हन, १. एम११२० सेट करा, नाहीतर फॉरमॅट टिकत नाही. एम११४३ सेट करा, नाहीतर पोर्ट ॲस्कीतच राहतो. डी११२९ मध्ये २०० टाका, हा मिलिसेकंदातला टाइमआउट. १९२०० हवा असेल तर डी११२० मध्ये एच९७. सर्वात जास्त विसरलं जातं ते एम११४३. डी११२० बघून सगळं बरोबर वाटतं, फॉरमॅटही जुळलेला असतो, पण पीएलसी ॲस्कीत ओरडत असतो आणि ड्राइव्ह आरटीयूत ऐकत असतो.

यापुढे प्रोग्रामला हात लावायच्या आधी ड्राइव्ह एकटा तपासून घ्या. लॅपटॉप, यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर आणि क्यूमॉडमास्टरसारखं मोफत सॉफ्टवेअर एवढंच लागतं. कन्व्हर्टर डेल्टाचा आयएफडी६५०० घ्या किंवा एफटीडीआय चिपचा कोणताही. फक्त त्याला ग्राउंडचं टर्मिनल असावं. पीएलसीच्या तारा काढून ठेवा. मोटर थांबलेली असतानाच एच२१०५ वाचा, ही डीसी बसची, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याची, व्होल्टेज आहे. बहुतेक जण आउटपुट फ्रिक्वेन्सी वाचून बघतात, ती थांबलेल्या मोटरला शून्य येते, आणि शून्य म्हणजे उत्तर आलं की आलंच नाही हे कळत नाही. बस व्होल्टेज कधीच शून्य नसते. पाठवायचे बाइट असे:

०१ ०३ २१ ०५ ०० ०१ ९ई ३७

उत्तर ०१ ०३ ०२ ने सुरू होतं आणि पुढचे दोन बाइट म्हणजे आकडा, एक दशांश धरून. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हवर १६ डीए आलं तर ते ५८५०, म्हणजे ५८५.० व्होल्ट. २३० व्होल्ट सिंगल फेजला सव्वातीनशेच्या आसपास. हे आलं की वायर, पत्ता, स्पीड, पॅरिटी सगळं एका फटक्यात सिद्ध झालं. सॉफ्टवेअर दशमान पत्ता मागत असेल तर एच२१०५ म्हणजे ८४५३, आणि ४००००१ पासून मोजणारं असेल तर ४०८४५४. एकाचा हा फरक चुकला की शेजारचं रजिस्टर वाचलं जातं आणि आकडा खराच असल्यामुळे शंकाही येत नाही.

चालवून बघायचं तर आधी एच२००१ मध्ये १००० टाका, म्हणजे १०.०० हर्ट्झ, मग एच२००० मध्ये एच१२, म्हणजे फॉरवर्ड रन:

०१ ०६ २० ०० ०० १२ ०२ ०७

रिव्हर्सला एच२२, स्टॉपला १. फॉल्ट रिसेट एच२००२ मध्ये २ लिहून होतो. वाचन सगळं व्यवस्थित येतंय, लिहिल्यावर ड्राइव्ह तंतोतंत उत्तर देतोय आणि तरी मोटर हलत नाही, असं झालं तर कम्युनिकेशनला दोष देऊ नका. ०२.०१ अजून कीपॅडवर किंवा टर्मिनलवर आहे, किंवा ०२.०० अजून पोटेन्शिओमीटरवर आहे. उलट दिशा चालत नसेल तर ०२.०४ ने ती बंद केली आहे का ते बघा.

आता या जोडीची सर्वात चांगली बाजू, जी फार कमी लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) वापरलेली दिसते. फॉल्ट कोणत्या जातीचा आहे ते ईएस२ स्वतः सांगतो, तीन वेगवेगळ्या बिटांवर. एम११२९ लागला तर उत्तरच आलं नाही. एम११४० लागला तर उत्तर आलं पण फाटलेलं आलं. एम११४१ लागला तर ड्राइव्हने सगळं नीट ऐकलं आणि नकार दिला. नकाराचा कोड डी११३० मध्ये असतो. हे तीन बिट एचएमआयच्या एका पानावर काढा, प्रत्येकाचा काउंटर ठेवा. मेंटेनन्सवाल्याचा अर्धा दिवस यातच वाचतो.

एम११२९ चा काउंटर एकसारखा वाढतोय आणि यशस्वी उत्तर एकही नाही: प्लस-मायनस उलटे, पत्ता चुकीचा, स्पीड किंवा पॅरिटी वेगळी, एम११४३ राहिला, किंवा तार तुटली. प्लस-मायनस उलटे लागल्याने काही जळत नाही, बिनधास्त अदलाबदल करून बघा. डेल्टाच्या दोन वस्तूंमध्ये डी प्लस ते एसजी प्लस हे सरळ आहे. दुसऱ्या कंपनीचं उपकरण त्याच तारेवर आलं की तिथे ए आणि बी लिहिलेलं असतं, आणि कोणाचा ए प्लस तर कोणाचा ए मायनस. तिथे अक्षरांवर विश्वास न ठेवता मीटर लावा: तार शांत असताना प्लसची बाजू मायनसपेक्षा वर असते, आणि तो फरक निदान २०० मिलिव्होल्ट हवा. त्यापेक्षा कमी असेल तर रिसीव्हरला शांत तार आणि संदेश यातला फरक ठरवता येत नाही, आणि मग नॉइज नसतानाही कधीकधी पहिला बाइट बिघडतो.

एम११२९ अधूनमधून लागतो, विशेषतः सकाळी पॅनेल चालू केल्यावर: पीएलसी आधी जागा होतो, ड्राइव्ह नंतर. पोलिंगच्या, म्हणजे ड्राइव्हना पाळीपाळीने विचारण्याच्या, आधी पाच सेकंदांचा टायमर टाका.

एम११४० वाढतोय: इथे नॉइज किंवा दोन ड्राइव्हना एकच पत्ता. दुसरं आधी तपासा, कारण ते फुकट तपासता येतं. जळालेला ड्राइव्ह बदलून नवा बसवला आणि पत्ता १ वरच राहिला, की १ नंबरला विचारल्यावर दोघे एकदम बोलतात. एकेक ड्राइव्हची केबल काढत जा, लगेच सापडतं.

मोटर थांबलेली असताना सगळं स्वच्छ आणि रन दिल्याबरोबर एम११४० धावू लागला तर तो नॉइज, शंकाच नको. ड्राइव्हच्या आउटपुटची व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा वर-खाली होते आणि प्रत्येक वेळी मोटर केबलच्या कपॅसिटन्समधून अर्थकडे करंटचा झटका जातो. तो परत ड्राइव्हकडे येण्यासाठी सर्वात सोपी वाट शोधतो. मोटरची अर्थ वायर सैल असेल तर ती वाट तुमच्या सिग्नल केबलच्या शील्डमधून जाते. म्हणून उपायांचा क्रम हा: आधी मोटरची अर्थ वायर मोटर बॉडीपासून थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत आणा, मध्ये मशीनच्या रंगवलेल्या फ्रेमवर भरवसा ठेवू नका. मग सिग्नल केबल मोटर केबलपासून किमान ३० सेंटीमीटर लांब न्या, एकाच डक्टमध्ये अजिबात नको. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मग मोटर केबल शील्डची घ्या आणि शील्ड ड्राइव्हच्या बाजूला पूर्ण गोल क्लॅम्पने बसवा. शील्डची वेणी करून लांब शेपटाने अर्थला नेली तर उपयोग बराच कमी होतो. त्यानंतरही राहिलं तर ०२.०३ मधला कॅरिअर, म्हणजे आउटपुट वर-खाली होण्याची गती, ८ किलोहर्ट्झवरून ४ वर आणा. मोटर थोडी गुणगुणेल, पण झटके निम्मे होतील. फेराइट रिंग सर्वात शेवटी. बाजारात मात्र रिंग आधी विकली जाते आणि अर्थ वायरकडे कोणी बघत नाही.

एम११४१ लागला तर डी११३० वाचा. २ म्हणजे असं रजिस्टर नाही, ३ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर, ४ म्हणजे ड्राइव्ह आत्ता ते करू शकत नाही, उदाहरणार्थ मोटर धावत असताना थांबूनच बदलता येणारं पॅरामीटर लिहायला गेलात. फ्रिक्वेन्सीवर ३ आला तर ०१.०० मधली कमाल मर्यादा बघा. पॅरामीटरचा पत्ता सरळ आहे, ०९.०४ म्हणजे एच०९०४. पण पॅरामीटर दर स्कॅनला लिहू नका. तो ड्राइव्हच्या कायम मेमरीत जातो आणि त्या मेमरीला लिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असतात. वेग बदलायचा तर एच२००१, ते कितीही वेळा लिहा.

लॅडर लिहिताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, एमओडीआरडी (वाचायची सूचना) आणि एमओडीडब्ल्यूआर (लिहायची सूचना) एका वेळी एकच. तीन सूचना एकदम चालू केल्या तर एकीचंच काम होतं. डी० मध्ये पायरीचा आकडा ठेवा: ० ला वाचन, १ ला रन-स्टॉप, २ ला फ्रिक्वेन्सी. प्रत्येक पायरीला एम११२२ ला, म्हणजे पाठवायच्या बिटाला, एक पल्स द्या, पण सूचनेचा काँटॅक्ट उत्तर येईपर्यंत चालूच ठेवा. एम११२७ (उत्तर पूर्ण आलं), एम११२९, एम११४० किंवा एम११४१ यापैकी काहीही लागलं की सगळे रिसेट करून पायरी पुढे न्या. हे रिसेट पीएलसी स्वतः करत नाही. फक्त एम११२७ वर पुढे जाणारं लॅडर पहिल्याच टाइमआउटला कायमचं अडकतं, आणि मग लोक म्हणतात की पॉवर बंद-चालू केल्यावर नीट होतं.

दुसरी, आरटीयूत एमओडीआरडीचं उत्तर डी१०७० पासून सुट्ट्या बाइटमध्ये येतं. डी१०७० मध्ये पत्ता, डी१०७१ मध्ये फंक्शन, डी१०७२ मध्ये बाइटची संख्या, आणि आकड्याचा वरचा बाइट डी१०७३ मध्ये, खालचा डी१०७४ मध्ये. डी१०७३ ला २५६ ने गुणून डी१०७४ मिळवायचा. हे न केल्यास ५० हर्ट्झच्या जागी १३६ दिसतं, कारण ५००० चा खालचा बाइट १३६ आहे. करंट एच२१०४ मध्ये एका दशांशाने येतो, आउटपुट फ्रिक्वेन्सी एच२१०३ मध्ये दोन दशांशांनी.

तिसरी, वेळेचा हिशेब. ९६०० ला ११ बिटांचं एक अक्षर साधारण १.१५ मिलिसेकंद घेतं. आठ बाइटचा प्रश्न ९ मिलिसेकंद, सात बाइटचं उत्तर ८, मधली शांतता आणि ड्राइव्हचा विचार धरून एक देवाणघेवाण २५ ते ३० मिलिसेकंद. सहा ड्राइव्ह, प्रत्येकाला तीन पायऱ्या, म्हणजे पूर्ण फेरीला अर्धा सेकंद. पंपाला चालेल. दोन रोलरमधला ताण सांभाळायचा असेल तर चालणार नाही. १९२०० किंवा ३८४०० वर जा, आणि तेही पुरत नसेल तर हे काम या जोडीचं नाही.

पायऱ्यांचं लॅडर लिहायचं नसेल तर ईएस२ मध्ये पीएलसी लिंक, म्हणजे आपोआप वाचन-लेखन करणारी सोय, आहे, आणि तो आमच्या मते या पीएलसीचा सर्वात दुर्लक्षित गुण आहे. डी१३९९ मध्ये पहिल्या ड्राइव्हचा पत्ता, डी१३५५ मध्ये एच२१००, डी१४३४ मध्ये ७. डी१४१५ मध्ये एच२०००, डी१४५० मध्ये २. मग एम१३५० आणि एम१३५१ सेट केले की पीएलसी स्वतः फिरत राहतो. डी१४८० पासून फॉल्ट, स्थिती, फ्रिक्वेन्सी, करंट, बस व्होल्टेज ओळीने येतात, आणि डी१४९६ मध्ये एच१२ आणि डी१४९७ मध्ये ५००० ठेवलं की मोटर ५० हर्ट्झला धावते. बाइट जोडायची भानगडही नाही. सारख्याच ड्राइव्हचं पॅनेल असेल तर हेच वापरा.

आता तो कापलेला गुण. कारखान्यातून ०९.०२ येतो ३ वर, म्हणजे कम्युनिकेशन तुटलं तरी इशारा नाही आणि मोटर चालूच, आणि ०९.०३ येतो ० वर, म्हणजे तुटलं की नाही हे बघणंच बंद. रन दिलेला असताना केबल निघाली तर मोटर शेवटच्या वेगाने धावत राहते. पीएलसी स्टॉप पाठवत राहील आणि तो कुठेच पोचणार नाही. सिरीअलवर चालणाऱ्या ड्राइव्हला ही सेटिंग कोणत्याच मशीनवर स्वीकारण्यासारखी नाही. ०९.०३ मध्ये १ ते २ सेकंद टाका आणि ०९.०२ मध्ये १, म्हणजे रॅम्पने, हळूहळू थांबेल. अचानक मोकळी सोडायची असेल तर २. हा वेळ पूर्ण पोलिंगच्या फेरीच्या तिप्पट तरी असू द्या, नाहीतर एक-दोन गळालेल्या संदेशांवर मशीन ट्रिप होईल. सुरू करून देण्याआधी मोटर चालू असताना आरजे-४५ प्रत्यक्ष उपटून बघा. आणि इमर्जन्सी स्टॉप कधीही मॉडबसवरून नेऊ नका. तो वायरने, कॉन्टॅक्टरपर्यंत.

मित्सुबिशीच्या एफआर-डी७०० किंवा ई७०० ची सवय असलेल्यांना ईएल सोपा वाटेल. तिथे पीयू पोर्टवर चार तारा असतात, दोन तारांवर आणायला एसडीए-आरडीए आणि एसडीबी-आरडीबी जोडाव्या लागतात, आणि मॉडबससाठी पॅरामीटर ५४९ मध्ये १ टाकावा लागतो. त्याबदल्यात मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीत ड्राइव्हसाठी आयव्हीडीआर सारख्या तयार सूचना आहेत, पण ४८५ चा बोर्ड किंवा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. ईएस२ मध्ये पोर्ट आधीच असतात. भोसरी-चाकणच्या छोट्या मशीन बनवणाऱ्यांना या फरकाचे पैसे दिसतात.

बदलीचा ड्राइव्ह म्हणून डेल्टाचाच एमएस३०० बसवणार असाल तर ईएल चे आकडे डोळे मिटून टाकू नका. पिन ४ आणि ५ तेच, एच२००० आणि एच२००१ तेच, म्हणून रन-स्टॉप आणि वेग लिहिणाऱ्या लॅडरला हात लावावा लागत नाही. पण ०९-०४ मध्ये ८, इव्हन, १, आरटीयूसाठी ४ च्या जागी १४ लागतो. आरटीयूचे फॉरमॅट तिथे १२ पासून सुरू होतात. ०९-०१ मध्ये कोड नसून थेट ९.६ किंवा १९.२ लिहायचं. फ्रिक्वेन्सीचा स्रोत ००-२० = १ आणि रन-स्टॉपचा ००-२१ = २. डिस्प्लेवर सीई१० आला तर टाइमआउट, सीई२ आला तर रजिस्टरचा चुकीचा पत्ता. ईएल पेक्षा तो इथे स्पष्ट बोलतो. दोन्ही ड्राइव्हची ही सेटिंग पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, ०९.०२ आणि ०९.०३ सकट, छापून चिकटवा. रात्रपाळीत ड्राइव्ह बदलणाऱ्याकडे मॅन्युअल नसतं.